व्हिसल हाती आली, आता सेशनमध्ये कसं बसायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून नोकरीसाठी डब्लिनला येऊन आठ महिने झाले. शाळेत तीन वर्षं बासरी शिकलो होतो. इथे डी सुरातली एक स्वस्त टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची छोटी पत्र्याची बासरी, घेतली आणि व्हिडिओ पाहून सहा-सात ट्यून (धुना) बसवल्या. घराजवळच्या पबमध्ये दर गुरुवारी सेशन असतं, म्हणजे वादक जमून आयरिश पारंपरिक संगीत वाजवतात. दाराशी उभा राहून ऐकतो, पण वाद्य घेऊन आत जायचं धाडस होत नाही. किती तयारी झाली की जावं? त्यांना चालेल का?

या गुरुवारीच जा, पण व्हिसल घरी ठेवून. पुढच्या गुरुवारीही तसंच करा. तिसऱ्या गुरुवारी ती कोटाच्या खिशात असू द्या. त्यांना चालेल का, ही काळजी मनातून काढून टाका. मी १९ वर्षं या देशात आहे आणि त्यातली १७ वर्षं व्हिसल वाजवते आहे. सेशनमध्ये शांतपणे येऊन बसलेल्या माणसाला कुणी उठवलेलं मी पाहिलेलं नाही. तयारीबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण तुम्ही ती ट्यूनच्या संख्येत मोजता आहात आणि ते माप इथे लागू पडत नाही.

आपण ज्याला मैफल म्हणतो, ते सेशन नव्हे. मंच नसतो, माइक बहुधा नसतो, आणि वादक एकमेकांकडे तोंड करून गोल बसतात. बाकीच्या लोकांकडे चक्क पाठ असते. सगळे मिळून एकच धून वाजवतात, प्रत्येक जण आपापल्या परीनं ती नटवतो. आपल्याकडचं अगदी जवळचं उदाहरण द्यायचं तर गावातलं भजनी मंडळ. नवा टाळकरी मागे उभा राहतो, पुढच्यांच्या हाताकडे बघतो आणि आपला टाळ त्यांच्यात मिसळतो. त्याला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. पण त्याचा टाळ चुकीच्या जागी पडला तर सगळ्या रिंगणाला ऐकू जातं. तुमच्या व्हिसलचंही तसंच आहे, किंबहुना जरा जास्तच, कारण वरच्या सप्तकात ती अख्ख्या खोलीला टोचते.

माझ्या पहिल्या वर्षात मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातल्या सेशनला जायचे. तिथे जी ट्यून येत नसे तिच्यातही सूर शोधत हळूच वाजवत राहायचे. मला वाटायचं, हळू वाजवतेय, कुणाला कळतंय. एका मध्यंतरात शेजारच्या वयस्कर फिडलवादकानं (फिडल म्हणजे व्हायोलिनच) माझ्यासाठी चहा मागवला आणि फार मायेनं सांगितलं, की जी येत नाही ती ऐक, तुझ्या शोधण्यामुळे मला माझंच वाजवणं ऐकू येत नाही. त्या रात्री मी उरलेले दोन तास व्हिसल मांडीवर ठेवून बसले. इतकं लक्ष देऊन मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. येत नसेल तर वाजवायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे आणि तो नवख्यांना हाकलण्यासाठी केलेला नाही. सगळे एकच धून वाजवतात म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकू येणं गरजेचं असतं, एवढंच त्यामागचं कारण.

तेव्हा तयारीचं माप असं धरा: जी ट्यून मध्ये न थांबता, बाकीच्यांच्या वेगात, सलग तीन वेळा वाजवता येते, ती तुमची. अशा दोन असल्या तरी पुरे. उरलेला वेळ गप्प बसता यायला हवं. इथले लोक इंग्रजीत बोलतानाही ‘ती ट्यून तुला येते का’ असं विचारत नाहीत, ‘ती तुझ्याकडे आहे का’ असं विचारतात. मला हे फार आवडतं. तुमच्या सहा-सातांपैकी खरोखर तुमच्याकडे किती आहेत, हे व्हिडिओ बंद करून, घरात येरझाऱ्या घालत वाजवून पाहा.

आता तुमच्या बासरीबद्दल. इथे तुमच्यापाशी असं काही आहे जे इथल्या नवशिक्याकडे नसतं, पण ते नीट जुळवून घ्यावं लागेल. डी व्हिसलची सहाही भोकं बंद केली की डी वाजतो. खालून एकेक बोट उचलत गेलं की ई, एफ शार्प, जी, ए, बी आणि सगळं मोकळं केल्यावर सी शार्प. तुम्ही बासरीवर सहा बंद म्हणजे मंद्र पंचम आणि तीन बंद म्हणजे षड्ज असं शिकला आहात. तोच हिशेब व्हिसलला लावा. तीन बोटांवरचा जी हा सा धरला तर खाली प, ध, नी, आणि वर रे, ग, आणि सगळी मोकळी म्हणजे तीव्र मध्यम. अगदी बासरीसारखंच! म्हणजे जी मधल्या ट्यून तुमच्या बोटांना ओळखीच्या वाटतील. फरक शुद्ध मध्यमाचा. बासरीवर आपण त्यासाठी वरचं भोक अर्धं झाकतो, व्हिसलवर मात्र वरचं भोक मोकळं ठेवून त्याखालची दोन बंद करतात. हा सी नॅचरल. अर्ध्या बोटाची सवय असल्यानं तुम्ही इथे अडखळाल, पण वेगात अर्धं बोट नेमकं पडत नाही, म्हणून दुसरी पद्धत आत्ताच बोटांत बसवा.

सेशनमधल्या पुष्कळ ट्यून मात्र डी मध्ये असतात, आणि तिथे सहा बंद म्हणजे सा. पहिले दोन महिने मला प्रत्येक वेळी सा शोधावा लागायचा. मग एकदा थाटांचा विचार केला आणि गुंता सुटला. डी वर सा धरून सगळे सूर साधे वाजवले तर बिलावल. तेच सूर ठेवून पाच बोटांवरच्या ई ला सा मानलं तर काफी. दोन बोटांवरच्या ए ला सा मानलं तर खमाज. इथले लोक याला डोरियन आणि मिक्सोलिडियन म्हणतात, आणि त्यांच्या संगीताचा फार मोठा भाग या दोन-तीन थाटांतच नांदतो. काफीच्या सुरांतली एखादी रील (नाचाच्या धुनेचा इथला एक प्रकार) ऐकताना मला आजही क्षणभर घरी असल्यासारखं वाटतं. पण राग म्हणून तिच्याकडे जाऊ नका. तिला आलाप नाही, वादी-संवादी नाही, विस्तार नाही. तिला पाय आहेत.

हे पायांचं नीट समजून घ्या, कारण माझ्या मते बासरीवाले इथेच चुकतात. हे संगीत नाचासाठी घडलं. आधी ते घरांत आणि चौरस्त्यांवर वाजायचं. १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना लागू केला आणि घरगुती नाचांनाही त्याचा फटका बसला. पबमध्ये बसून नुसतं वाजवायची पद्धत त्यामानानं नवी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी तिथल्या पबांत ती रुजवली आणि मग ती इकडे पसरली. नाचणारे उठून गेले तरी ताल तसाच राहिला. जिग या नाचाच्या धुनेत सहाची मोजणी, तीन-तीनचे दोन गट. दादरा डोक्यात असेल तर मोजायला सोपी. रीलमध्ये आठ-आठ सूर धावतात, तिथे केरव्याची मोजणी चालते. स्लिप जिगमध्ये तीनचे तीन गट. मोजणी जुळते, पण झोका जुळेलच असं नाही. जिगमध्ये तिनातला पहिला सूर किंचित लांब आणि मधला किंचित आखूड पडतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. ते वाजवणाऱ्याच्या पायाकडे बघूनच कळतं. म्हणून पहिले दोन गुरुवार व्हिसलशिवाय जा म्हटलं.

मींड, लांबलेला सूर, हलका कंप हे सगळं आपल्याला प्रिय. संथ धुनेत ते इथेही शोभतं. पण चांगल्या वेगातल्या रीलमध्ये मिनिटाला शंभराहून जास्त ठोके असतात आणि दर ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला जवळपास सात. तिथे मींड घ्यायला जागाच नाही. इथले अलंकार वेगळ्या जातीचे आहेत. ‘कट’ म्हणजे वरचं एखादं बोट इतक्या झटकन उचलून टाकायचं की सूर ऐकू येऊ नये, फक्त धक्का जाणवावा. ‘टॅप’ म्हणजे खालच्या भोकावर तसंच बोट आपटणं. एकाच लांब सुरात कट आणि टॅप दोन्ही गुंफले की ‘रोल’. आपला कण हा सूर असतो, त्याला श्रुती असते. इथला कट हा ठेका असतो, बौरान या इथल्या डफावरच्या काठीसारखा. कट बेसूर वाजला तर बिघडत नाही, उशिरा वाजला तर सगळं बिघडतं. हा फरक मला कुणी सुरुवातीला सांगितला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

आणि श्वास. फिडलवाल्याला तो लागत नाही, म्हणून या ट्यूनमध्ये थांबायला जागा ठेवलेलीच नसते. नवशिके दर चार मात्रांच्या शेवटी श्वास घेतात आणि धून तुकड्या-तुकड्यांची होते. जाणते वादक एखादा सूर चक्क गाळतात. कुठला गाळायचा हे घरी ठरवा. शक्यतो ठोक्यावरचा नको, त्याच्या मागचा. दर फेरीत वेगळ्या जागी गाळलात तर ऐकणाऱ्याला तो श्वास वाटतच नाही, वाजवण्याची ढब वाटते. मेरी बर्गिन या व्हिसलवादक, त्यांचं वादन ऐका. १९७९ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणापासून व्हिसलवाले त्यांच्याकडे याच कानानं बघतात. आणि त्यानंतर मुद्दाम मिहो रसेल ऐका, क्लेअर परगण्यातल्या डूलिनचे, १९१५ ते १९९४. अलंकार कमी, वेग कमी, तरीही एकेक सूर चालत येतो. तुम्ही दोघांत कुठेही बसलात तरी चालेल, पण नवीन माणसानं मिहोच्या बाजूनं सुरुवात करावी असं माझं मत आहे.

वाद्याबद्दल फार काळजी करू नका. रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज माणसानं १८४३ मध्ये पत्र्याच्या व्हिसल बनवायला घेतल्या त्या गरिबांच्या खिशाला परवडाव्यात अशाच होत्या, आणि आजही चांगले वादक दहा-पंधरा युरोंची व्हिसल वाजवताना दिसतात. इथल्या प्राथमिक शाळांतून असंख्य मुलं तिच्यावरच हात बसवतात. फक्त सुरात आहे का ते बघा. सेशनचा ए ४४० हर्ट्झचा असतो. व्हिसल थंड असताना उतरलेली असते, म्हणून वाजवण्याआधी पाच मिनिटं ती बगलेत धरा. मग चढी वाटली तर वरचं प्लास्टिकचं तोंड किंचित बाहेर ओढायचं असतं. स्वस्त व्हिसलला ते चिकटवलेलं असतं. तो भाग मिनिटभर गरम पाण्यात धरला आणि पिळला की सुटतो. मध्येच आवाज घोगरा झाला तर आत लाळ अडकली असं समजा. तोंडाजवळचं, जिथून आवाज निघतो ते शिळेचं भोक बोटानं झाकून एकदा जोरात फुंका.

पुढेमागे तुम्हाला लो व्हिसलचा, म्हणजे मोठ्या, खालच्या सुराच्या व्हिसलचा मोह होईल, बासरीवाल्यांना होतोच, कारण तिचा आवाज आपल्या कानाला जवळचा. त्यामागे एक गोष्टही आहे. फिनबार फ्युरी या वादकाकडे भारतातली बांबूची बासरी होती. ती मोडली. तिच्याजागी काहीतरी बनवून दे म्हणून ते इंग्लंडमधल्या बर्नार्ड ओव्हरटनकडे गेले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमची पहिली लो डी तयार झाली. मोठ्या बासरीसारखीच तीही बोटांच्या टोकांनी नव्हे, पेरांनी झाकावी लागते. पण सेशनच्या गलक्यात तिचा खर्ज बुडून जातो. आधी लहान डी वरच पक्के व्हा.

ट्यून शिकायच्या कशा? कानानं. कागद सेशनमध्ये चालत नाही, आणि चालला असता तरी उपयोग झाला नसता, कारण कुठली ट्यून कधी येईल हे आधी माहीत नसतं. एक ट्यून साधारण आठ-आठ मात्राखंडांच्या दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. अशी एक फेरी अर्ध्या मिनिटात संपते. बहुतेक ठिकाणी तीन फेऱ्या होतात आणि न थांबता दुसरी ट्यून सुरू होते. म्हणजे दीड मिनिटात ती हातातून निसटलेली असते. परवानगी मागून फोनवर ध्वनिमुद्रण करा, घरी आणा, आणि वाजवण्याआधी गा. आपल्याकडे गुरुजी आधी गळ्यातून काढून घेतात, तसंच इथेही आहे. वाद्य नसेल तेव्हा इथले लोक डिडल-डिडल अशा निरर्थक अक्षरांवर अख्खी रील म्हणतात आणि त्यावर नाचतातही. शिकागोचे पोलीसप्रमुख झालेले कॉर्क परगण्यातले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १८५० धुनांचा संग्रह छापला. त्यातल्या कितीतरी त्यांनी लहानपणापासून नुसत्या कानात जपल्या होत्या, आणि स्वरलेखनाचं काम जेम्स ओनील या सहकाऱ्यानं केलं. संग्रह जरूर वापरा, विसरलेलं आठवायला. पण पहिली ओळख कानानंच होऊ द्या.

सुरुवातीला कुठल्या शिकू असं विचाराल तर माझं उत्तर आहे: तुमच्या गुरुवारी ज्या वाजतात त्या. सगळीकडे वाजणाऱ्या ‘केश जिग’सारख्या चार-दोन जरूर असाव्यात. पण प्रत्येक सेशनचा आपला एक साठा असतो. आठ-दहा आठवडे बसलात की कळेल, की वीस-पंचवीस ट्यून पुन्हा पुन्हा येतात. त्यांतली दर आठवड्याला एक घ्या. नाव माहीत नसेल तर विचारा, कधी कधी वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं. तेव्हा ‘गन आनम’ असं उत्तर मिळेल, आयरिश भाषेत त्याचा अर्थ ‘बिननावाची’.

सध्याचा वेग झेपत नसेल तर संथ सेशन शोधा. तिथे तीच ट्यून निम्म्या-पाऊण वेगात घेतात, आणि तिथे सगळेच शिकणारे असतात. १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झालेल्या कोल्तस या आयरिश संगीताच्या संस्थेच्या शाखा जगभर आहेत, आणि डब्लिनमध्येच मंक्सटाउनला त्यांचं मुख्य ठिकाण आहे. तिथे प्रौढांचे वर्ग चालतात. आणि जुलैत आठवडाभराची सुट्टी जमत असेल तर क्लेअरमधल्या मिल्टाउन मॅलबेला जा. विली क्लॅन्सी या आयरिश बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या नावानं १९७३ पासून तिथे उन्हाळी शाळा भरते. सकाळी वर्ग, आणि रात्री गावातल्या प्रत्येक कोपऱ्यात सेशन. एका आठवड्यात माझा कान जेवढा उघडला तेवढा त्याआधीच्या वर्षभरात उघडला नव्हता.

आता तिसऱ्या गुरुवारचं सांगते. लवकर जा. कोपऱ्यातल्या खुर्च्या सोडा. तिथे बसणारे दोन-तीन जण बहुतेक वेळा पबनं मानधन देऊन बोलावलेले असतात आणि सेशन तेच चालवतात. दोन ट्यूनच्या मधल्या शांततेत त्यांच्यापैकी एकाला विचारा, इथे बसलं तर चालेल का? नव्यानं शिकतोय हेही सांगा. गोलाच्या बाहेरच्या बाजूला बसा. दारू पीत नसाल तर चहा किंवा सोडा घ्या, कुणी काही म्हणत नाही. मध्ये मोकळा वेळ मिळाला म्हणून आपलं आपलं सरावाचं वाजवू नका, त्यानं पुढची ट्यून सुरू करणाऱ्याच्या डोक्यातला सूर मोडतो. तुमच्याकडची ट्यून आली तर पहिली फेरी नुसती ऐका. त्यांची चाल तुमच्या व्हिडिओतल्या चालीपेक्षा थोडी वेगळी असेल, आणि त्या खोलीत त्यांचीच बरोबर. दुसऱ्या फेरीत शिरा.

तुम्ही परदेशी आहात हा मुद्दा तुमच्या प्रश्नात स्पष्ट नाही, पण मला तो दिसतो, कारण माझ्याही मनात होता. आमच्या मंगळवारच्या सेशनला एक जपानी फिडलवादक, दोन फ्रेंच आणि एक ब्राझीलचा बौरानवाला असतो. मी कुठली हे तिथे कुणी विचारलं तेव्हा मी चार महिने जात होते. माझ्याकडे कुठल्या ट्यून आहेत हे मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आणि तो प्रश्न तुम्हालाही येईल, बहुधा चौथ्या-पाचव्या गुरुवारी. कुणीतरी तुमच्याकडे वळून म्हणेल, एक सुरू कर. नाही म्हणू नका, ते आमंत्रण असतं. सगळ्यात अवघड नव्हे, सगळ्यात पक्की ट्यून घ्या. वाजवण्याआधी तिचा दुसरा भाग मनात म्हणा. पहिला भाग नेहमी सोपा वाटतो आणि हात आपोआप जोरात सुटतो, दुसऱ्या भागावरून खरा वेग ठरतो. तुम्ही जो वेग धराल तोच सगळे धरणार आहेत. तिसऱ्या फेरीत शेवट जवळ आला की मान वर करून कोपऱ्यात बघा. दुसरी ट्यून जोडायची असेल तर तिचा पहिला सूर ठामपणे वाजवा. नसेल तर नजरेनंच सांगा, कोपऱ्यातला माणूस ती पुढे घेईल.